ड्रम टेस्टचा उन्हाळा

गाडी शिकायचीच, हे मी मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी शाळेच्या गेटवर उभी असताना ठरवलं. त्या दिवशी माझ्या मुलीला शाळेत दम्याचा अ‍ॅटॅक आला होता. ती चौथीत होती, आणि मी त्याच शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, म्हणून नर्सने मला वर्गातूनच बोलावून घेतलं. पंप देऊन झाला होता, तरी तिचा श्वास मोकळा होत नव्हता. तिला हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं होतं. नवरा दोन तासांवरच्या इब्राला, साइटवर. रविवार ते गुरुवार तो तिकडेच असतो. फोनवरून बोलावलेली टॅक्सी पाच मिनिटांवर दिसायची आणि मग रद्द व्हायची. दुसरी बोलावली, तीही रद्द झाली. पंचवीस मिनिटं मी तिला छातीशी धरून गेटच्या सावलीत उभी होते. शेवटी गणिताच्या बाईंनी आपला तास सोडला आणि आम्हाला त्यांच्या गाडीतून नेलं.

संध्याकाळी मुलगी खडखडीत बरी होऊन बिस्किटं मागत होती. मी मात्र त्या पंचवीस मिनिटांतून बाहेर आले नव्हते. अकरा वर्षं ओमानमधल्या सीब गावात राहून मी कायम शेजारच्या सीटवर बसणारी बाई होते. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, इंजिनाचा आवाज ऐकून ते बिघाड सांगायचे. आणि त्यांची मुलगी चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत साधी सायकलसुद्धा शिकली नव्हती.

रात्रीच्या फोनवर नवऱ्याला म्हटलं, "मी लायसन्स काढतेय."

"काढ की. सुट्टीत गावाहून आल्यावर बघू."

"मी या सुट्टीत गावाला येत नाहीये. लायसन्स हातात आल्याशिवाय कुठेच जाणार नाही."

तो म्हणाला, "बरं. मग मीपण इथेच."

डोळे तपासून झाले, फाईल उघडली, सिग्नलच्या खुणांची स्क्रीनवरची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. पाठांतर हा माझा हातखंडा. मग एका ओळखीच्या बाईंनी शिकवणाऱ्या मॅडमचा नंबर दिला. मॅडम ओमानी, पन्नाशीच्या, सीबच्याच. घरी बलुची बोलणाऱ्या आणि बाहेर फर्डं हिंदी. पायघोळ काळा अबाया, मनगटावर मोठं घड्याळ आणि टपावर शिकाऊ पाटी लावलेली पांढरी गाडी. मॅडम एका वेळी दोन बायकांना घेत. एक चालवायची, दुसरी मागे बसून बघायची, तासाभराने अदलाबदल. "पीछे बैठके आधा सीखते हैं," असं त्यांचं म्हणणं.

मे महिन्यातल्या पहिल्या सकाळी सहा वाजता मी खाली उतरले, मागचं दार उघडलं, तर आत माझीच विद्यार्थिनी.

"गुड मॉर्निंग, मिस," ती म्हणाली आणि सरकून बसली.

ती नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, निकाल यायचा होता. घर मूळचं रत्नागिरीकडचं, वडिलांचं सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, फळं-भाजीचं दुकान. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, न बोलणारी मुलगी. माझ्या विषयात तिची लेखी परीक्षा नेहमी वाईट जायची. प्रॅक्टिकलला मात्र तिचा हात असा स्थिर की ब्युरेटमधून हवा तेवढाच थेंब सोडावा तर तिनेच. म्हणजे हुशारी आहे आणि मेहनत नाही, असा निष्कर्ष मी काढला होता. सराव परीक्षेच्या पेपरवर तिला लाल शाईने इंग्रजीत लिहून दिलं होतं की अभ्यासाबद्दल तुला गांभीर्य नाही. वडिलांची सही घेऊन ये, असंही. ती सही घेऊन आली होती.

आता आम्ही दोघी एका गाडीत. ती स्टिअरिंगवर बसली की मी मागे, मी बसले की ती. पहिल्याच आठवड्यात दिसून आलं की त्या गाडीत ती पहिल्या बाकावरची होती आणि मी शेवटच्या.

इथे परीक्षेचे दोन मोठे टप्पे. आधी ड्रम टेस्ट, मग रोड टेस्ट. ड्रम टेस्ट म्हणजे रंगवलेले ड्रम आणि खांब उभे करून आखलेल्या जागेत गाडी रिव्हर्सने नेऊन लावायची. कुठल्याही खांबाला नुसता स्पर्श झाला की खलास. मॅडमनी मला खुणा दिल्या होत्या. मागच्या काचेच्या कोपऱ्यात दुसरा ड्रम दिसला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, आरशात तिसरा दिसला की सरळ. मी त्या खुणा वहीत उतरवल्या, आकृत्या काढल्या, पाठ केल्या. भाजी चिरतानासुद्धा पुटपुटायचे.

पहिल्या टेस्टला शेवटचा खांब आडवा केला. दोन आठवड्यांनी दुसरी. त्या वेळी पहिलाच खांब. पोलिसांच्या गणवेशातल्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हाताने बाजूला व्हायची खूण केली. त्याच सकाळी माझ्यानंतर ती मुलगी आत गेली आणि गाडी अशी लावून आली, जणू घरच्या कपाटात डबा ठेवला. ती पास झाली. तिने आनंद दाखवला नाही, माझ्याकडे बघून खाली मान घातली, आणि मला तिच्या त्या समजूतदारपणाचाच जास्त राग आला.

परतताना मी मॅडमना म्हटलं, "बस हो गया. मुझसे नहीं होगा."

मॅडमनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळून बसल्या. "टीचर, तू बच्चों को पढ़ाती है ना?"

"हां."

"बच्चा दो बार फेल होता है, तो उसको बोलती है घर बैठ?"

मागच्या सीटवर ती मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिचा निकाल चारच दिवसांपूर्वी लागला होता. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. केमिस्ट्रीत नापास. जुलैमध्ये पुन्हा पेपर द्यायचा होता. हे मला शाळेच्या यादीतून कळलं होतं, तिने गाडीत एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मॅडमनी मला घराच्या वळणावर सोडलं. माझी विद्यार्थिनीही माझ्याबरोबर उतरली, तिचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. थोडं चालल्यावर ती एकदम थांबली. तिचं मराठी आमच्या इंग्रजी शाळेतल्या इतर मुलांसारखं, अडखळत.

"मिस, एक सांगू? तुम्ही रागावणार नाही?"

"सांग."

"तुम्ही पाठ करता. मॅडमचे मार्क मॅडमच्या हाइटचे आहेत. तुम्ही शॉर्ट आहात. तुम्हाला तो ड्रम विंडोमध्ये लेट दिसतो. मग तुम्ही लेट वळवता."

मी तिच्याकडे बघतच राहिले. शिक्षकी पेशातल्या सोळा वर्षांत शेकडो मुलांना मी ओरडले होते की पाठ करू नका, समजून घ्या. आणि इथे आकृत्यांची वही माझ्याच पर्समध्ये होती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"मागचं व्हील कुठे जातंय, ते बघायचं. फक्त ते. बाकी गाडी त्याच्या मागे जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या घरी आली. जेवणाच्या टेबलावर माझ्या मुलीची खेळण्यातली गाडी ठेवली, नेलपॉलिशच्या सहा बाटल्या उभ्या केल्या आणि मला रिव्हर्स करायला लावलं. पुढची चाकं वळणारी ती गाडी होती. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की मागचं टोक उजवीकडे आणि पुढचं डावीकडे का जातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरंच कळलं. माझी मुलगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून परीक्षक झाली होती. "आई, टच झालं! फेल!" असं ओरडायची तिला भलतीच मजा.

तासाभराने मी म्हटलं, "आता तुझा पेपर. पुस्तक आणलंयस?"

तिने मान हलवली, पण बॅग उघडेना.

"आण इकडे. हा प्रश्न वाच."

ती वाचू लागली. हळू, प्रत्येक शब्दाशी झटत. क्लोराइड लिहिलेलं तिने क्लोरेट वाचलं. सल्फेटचं सल्फाइड केलं. एक ओळ संपून दुसरी सुरू होताना ती वरच्याच ओळीवर परत गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. कपाळावर घाम आला, एसी चालू असताना. मी तोच प्रश्न तिला वाचून दाखवला. तिने क्षणाचाही वेळ न घेता बरोबर उत्तर दिलं. दुसरा वाचला, तोही बरोबर. तिसरा थोडा चुकला, पण विचार योग्य दिशेने होता.

"अक्षरं तुला कशी दिसतात?" मी विचारलं.

"हलतात," ती म्हणाली. "लहानपणापासून. मला वाटायचं सगळ्यांची हलतात, पण बाकीचे फास्ट आहेत." मग म्हणाली, "सिग्नलच्या टेस्टला मी तीनदा बसले, मिस. स्क्रीनवर वाचायला टाइम पुरायचा नाही."

दोन वर्षं ही मुलगी माझ्या समोर बसत होती. तिला एकदाही मी मोठ्याने वाचायला लावलं नव्हतं, कारण केमिस्ट्रीच्या तासाला कोण वाचायला लावतं? तिचे पेपर तपासले, गुण दिले, शेरा मारला.

"तुझ्या पेपरवर मी जे लिहिलं होतं ना," मी म्हटलं, "ते चूक होतं. मी नीट बघितलंच नाही. मला माफ कर."

ती घाबरल्यासारखी झाली. शिक्षकांनी माफी मागायची तिला सवय नव्हती आणि मला मागायची. "इट्स ओके, मिस," ती पटकन म्हणाली. मग टेबलावरची एक बाटली उगाच सरळ करत म्हणाली, "अब्बांनी सही केली तेव्हा मला विचारलं, खरंच तू सिरियस नाहीस? मी हो म्हटलं. ते सांगणं सोपं होतं."

तिला माफ करता आलं की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. त्यापेक्षा कामाला लागणं बरं, असं दोघींनाही वाटलं असावं.

मी चौकशी केली. वाचनाची अशी अडचण असलेल्या मुलांना परीक्षेत जास्त वेळ मिळू शकतो, वाचून दाखवणारा माणूसही मिळू शकतो, पण त्यासाठी तपासणी आणि दाखला लागतो, आणि जुलैच्या पेपरपर्यंत ते होण्यातलं नव्हतं. म्हणजे तिला नेहमीच्याच वेळेत, स्वतःच वाचून पेपर लिहायचा होता. पाच आठवडे हातात होते.

आम्ही वेळापत्रक केलं. सकाळी सहा ते आठ मॅडमची गाडी. साडेनऊपासून दुपारपर्यंत आमच्या टेबलावर केमिस्ट्री. जूनमधल्या सीबमध्ये त्यानंतर बाहेर पाऊल ठेवायची सोय नसते, दमट हवेने चष्म्यावर धुकं येतं. काळ्या पुठ्ठ्यात मी एक खिडकी कापली, एकाच ओळीपुरती. ती कागदावर सरकवायची, बाकी सगळं झाकलेलं. रसायनाचं नाव आलं की शेवटची दोन अक्षरं पेन्सिलने अधोरेखित करायची, मगच पुढे जायचं. आधी गुण जास्त असलेले लांब प्रश्न नाहीत, तर आकृत्यांचे आणि समीकरणांचे, जिथे वाचन कमी. पहिल्या आठवड्यात तिचा अर्धा पेपरही वेळेत होईना. ती चिडून पुठ्ठा भिरकावायची आणि मी उचलून परत तिच्या पुढ्यात ठेवायचे.

"मिस, नाही होत."

"टीचर, तू बच्चों को पढ़ाती है ना?" मी मॅडमचा आवाज काढला. तिला हसू आलं. मग परत पहिली ओळ.

गाडीत नेमकं उलटं चालायचं. मी सीटवर उशी ठेवायला लागले होते. ती मागून सांगायची, "मिस, ड्रम नका बघू. व्हील." मॅडम आधी वैतागल्या. "यहां टीचर कौन है?" त्यांनी विचारलं. पण तिसऱ्या दिवशी मी एकही खांब न पाडता गाडी आत घातली, तेव्हा त्यांनी घड्याळावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "अच्छा, तो अब तुम दोनों टीचर. मैं सोती हूं." झोपल्या अर्थातच नाहीत. पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवरच होता.

तिसऱ्या ड्रम टेस्टच्या सकाळी मी आणि माझ्या मुलीने बुद्धवंदना म्हटली आणि मी निघाले. आत गेल्यावर वही आठवायची नाही, एवढंच स्वतःला बजावलं. आरसा, मागचं चाक, आरसा. गाडी थांबली तेव्हा सगळे खांब उभे होते. पोलीस बाईंनी वाकून दोन्ही बाजू पाहिल्या आणि कागदावर शिक्का मारला. बाहेर येऊन मी मॅडमना मिठी मारली.

तिचा पेपर जुलैच्या मध्यावर होता. तिचे वडील तिला सोडायला आले होते, मीही गेले. ते मला पहिल्यांदाच असे शाळेबाहेर भेटत होते. हातात आंब्यांची पिशवी. "मॅडम, इथल्याच सहम गावच्या बागेतले आहेत. आपल्याकडच्या हापूसची सर नाही, पण गोड आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगी सांगते तुम्ही तिला अक्षरं धरून ठेवायला शिकवलंत. मला कधी कळलंच नाही बघा. मी ओरडायचो."

"मीपण," मी म्हटलं.

तीन तास ते आणि मी त्यांच्या गाडीत एसी लावून बसलो. ती बाहेर आली तेव्हा बोटांना शाई आणि चेहरा पांढरा. "सगळे अटेम्प्ट केले," एवढंच म्हणाली आणि मागच्या सीटवर झोपून गेली.

माझी पहिली रोड टेस्ट त्याच आठवड्यात होती. तिथे मी राऊंडअबाउटला अडकले. डावीकडून गाड्या येत होत्या, प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता निघावं आणि प्रत्येक वेळी पुढची गाडी दिसायची. शेजारी बसलेले अधिकारी आधी काही बोलले नाहीत, मग "यल्ला", म्हणजे चल आता, असं म्हणाले, मग मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि त्यांनी मला बाजूला घ्यायला सांगितलं. फेल. पण या वेळी मी मॅडमना 'बस हो गया' म्हटलं नाही. "कल सुबह राऊंडअबाउट. सिर्फ राऊंडअबाउट," मी म्हटलं. पुढचे दहा दिवस आम्ही सीबमधला एकही राऊंडअबाउट सोडला नाही. तीन-तीन चकरा मारायच्या, बाहेर पडायचं, परत आत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिचा निकाल लागला. पास. गुण थोडेच वर होते, पण वर होते. तिने निकालाचा फोटो मला पाठवला आणि खाली फक्त एक गाडीचं चित्र. दोन दिवसांनी माझी दुसरी रोड टेस्ट झाली. राऊंडअबाउट आला, मी मोकळी फट पाहिली आणि निघाले. अधिकारी पूर्ण वेळ गप्प होते. शेवटी गाडी लावल्यावर त्यांनी विचारलं, "टीचर?"

"येस."

"मबरूक," असं अभिनंदन करून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. त्यांना मी शिक्षिका असल्याचं कसं कळलं, हे मला मॅडमनी नंतर सांगितलं. मॅडमनीच आधी जाऊन सांगून ठेवलं होतं की ही टीचर आहे, हळू बोला, घाबरते. मला जरा लाज वाटली. पास स्वतःच्या जोरावर झाले की नाही, असाही प्रश्न पडला. मग विचार केला, राऊंडअबाउट तर मीच पार केला.

आता ती मुलगी मस्कतला इंटिरियर डिझाइनचा कोर्स करते. तिची तपासणी झाली, दाखला मिळाला, परीक्षेत तिला जास्त वेळ मिळतो. तिचंही लायसन्स झालं, वडिलांचा पिकअप घेऊन कधी कधी पहाटे माल आणायलाही तीच जाते. शाळेत मी नव्या वर्षापासून एक गोष्ट बदलली. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाला टेबलाशी बोलावून पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला लावते. मुलं गोंधळतात, केमिस्ट्रीच्या बाई वाचन का घेतायत म्हणून. यंदा अशी दोन मुलं सापडली. मी त्यांच्या पालकांना बोलावलं, आणि या वेळी सही मागण्यासाठी नाही.

लायसन्स मिळाल्यावर महिन्याभराने एका गुरुवारी मी मुलीला घेऊन आमच्या गाडीने इब्राला गेले. नवऱ्याला कळवलं नव्हतं. डोंगरांमधून जाणारा तो रस्ता मी शेजारच्या सीटवरून अनेकदा पाहिला होता, पण त्याला इतकी वळणं आहेत हे मला माहीत नव्हतं. त्याच्या क्वार्टरसमोर हॉर्न दिला तर तो बनियनवर बाहेर आला आणि आधी गाडीकडे, मग आत कोण चालवतंय तिकडे बघत राहिला. चहा घेतला, सूकमध्ये एक चक्कर मारली. परत निघताना सवयीने त्याने हात पुढे केला, चावीसाठी. मी म्हटलं, "तू बस." अर्ध्या तासात त्याने सीट मागे टाकली आणि तोंड उघडं टाकून झोपून गेला. मुलगी मागे गाणं म्हणत होती. मी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि पुढच्या ट्रकला मागे टाकलं.